किताक्युशू: धूर आधी कुणी मोजला?

जपानी शहरं सरकारी शिस्तीमुळे स्वच्छ झाली, असं म्हटलं जातं. किताक्युशू या जपानमधल्या औद्योगिक शहरापुरतं तरी मला ते अर्धंच खरं वाटतं.

हे शहर 1963 साली मोजी, कोकुरा, तोबाता, याहाता आणि वाकामात्सु ही पाच शहरं एकत्र करून बनलं. त्याचा कणा म्हणजे याहाताचा सरकारी पोलाद कारखाना, 1901 साली सुरू झालेला. जवळच चिकुहोच्या कोळसाखाणी, वाकामात्सु बंदरातून कोळशाची रवानगी, आणि मध्ये दोकाई उपसागर. साठच्या दशकात त्या उपसागरात मासाच उरला नव्हता. लोक त्याला 'मृत्यूचा समुद्र' म्हणत. आणि तरी कारखान्यांचा रंगीबेरंगी धूर भरभराटीची खूण मानला जायचा!

त्याविरुद्ध पहिल्यांदा उभ्या राहिल्या तोबाताच्या गृहिणी. अनेकींचे नवरे त्याच कारखान्यांत कामाला, म्हणजे बोलणं किती अवघड असेल बघा. त्यांनी घोषणा देऊन थांबण्याऐवजी साचणारी काजळी मोजली, प्राध्यापकांकडून शिकून घेतलं आणि 1965 मध्ये स्वतः माहितीपटही बनवला. 'आम्हाला निळं आकाश हवं' ही त्यांची मागणी. महापालिका आणि कंपन्या हलल्या त्या या रेट्यानंतर. पुढे उपसागरातला विषारी गाळ उपसला, मासे परतले.

आज प्रश्न वेगळा आहे. एकेकाळी दहा लाखांवर असलेली लोकसंख्या सतत घटतेय आणि जपानच्या मोठ्या शहरांत इथलं वृद्धांचं प्रमाण फार वरचं आहे. पोलादातल्या नोकऱ्या आटल्या, तरुण फुकुओकाला, तोक्योला गेले. या शहराबद्दल बोलताना हेही धरायला हवं.