आपलं घर ग्रुप : छोटूचे शिकारीचे बूट

छोटू: दादा, ऑफिसातल्या एका मित्राबरोबर ऑक्टोबरात हरणाच्या शिकारीला जायचं ठरलंय, धनुष्यबाणाचा हंगाम. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, लायसन्स काढलं. बूट तेवढे राहिलेत. माझे ट्रेकिंगचे चामड्याचे आहेत, आत गोरटेक्स आहे, एकदम मस्त स्थितीत. मित्र म्हणतो ते नकोत, हरणाला वास लागतो. दुकानात ‘सेंट फ्री’ लिहिलेले ढीगभर प्रकार दिसले. कोणते घेऊ?

माई: हरणाची शिकार? छोटू, तू?

बाळूदादा: माई, तुझ्याशी बोलतो, आधी याला उत्तर देतो. छोटू, मित्राचं ऐक. ते बूट ट्रेकला राहू देत. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरात बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम असतो, तेव्हा शंभर यार्डांवरूनही नेम धरता येतो. धनुष्याला मात्र हरीण वीसएक यार्डांवर यावं लागतं. तितक्या जवळ येईपर्यंत बरेचदा ते तू चालत आलेल्या वाटेवरूनच येतं. म्हणून बुटांचा विचार बंदूकवाल्यांपेक्षा धनुष्यवाल्यांना जास्त करावा लागतो.

हरणाच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात. प्रत्येक पावलागणिक त्यांचा वास जमिनीला लागतो आणि मागून येणारं हरीण नाक खाली घालून तो हुंगत पुढे जातं. त्याच वाटेवर तुझ्या पावलाचा वास लागला की ते थबकतं, पुढचा पाय जमिनीवर आपटतं, जोरात फुरफुरतं आणि पांढरी शेपटी उभारून पळ काढतं. आसपासची बाकीची हरणंही सावध होतात. मग त्या दिवशी तिथे बसून काही उपयोग नसतो.

नाना: माणसाच्या पायाला एवढा वास असतो? बूट घातले तरी?

बाळूदादा: असतो नाना. दोन्ही तळपाय मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातली द्रव्यं आणि मेलेली कातडी खातात, त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल वगैरे तयार होतं, तोच तो मोज्यांचा वास. छोटूच्या मॅडिसनपासून तास-दीड तासावर मन्रो म्हणून गाव आहे, तिथे लिंबर्गर नावाचं उग्र वासाचं चीज बनतं. ते ज्या जिवाणूंनी मुरतं, त्यांचेच जातभाई आपल्या बोटांच्या बेचक्यात राहतात. 1996 मध्ये डच संशोधकांनी दाखवलं होतं की मलेरिया पसरवणारा आफ्रिकेतला एक डास या चीजच्या वासाकडे खेचला जातो. डासाला कळतं, तर हरणाला कळणारच.

आता बुटांचं. जॉर्ज रोमानेस नावाचे शास्त्रज्ञ होते, डार्विनच्या जवळचे. त्यांनी 1887 मध्ये आपल्या शिकारी कुत्रीवर केलेले प्रयोग छापले. त्यांचे जुने शिकारीचे बूट अनोळखी माणसाने घालून चाललं, तर कुत्री धनी समजून त्याच्या मागावर धावत गेली. धन्याने दुसऱ्याचे बूट घातले, तर तिने त्या मागाकडे लक्षच दिलं नाही. मग त्यांनी आपल्याच बुटांना खालून आणि कडेने साधा तपकिरी कागद चिकटवला. जिथे चालून चालून कागद झिजून फाटला, तिथपासूनच तिने माग उचलला. म्हणजे वर्षानुवर्षं चामड्यात मुरलेला धन्याचा वास जमिनीवर उतरत होता, आणि एका कागदाने तो अडला. प्रयोग कुत्रीवरचा आहे, पण छोटू, तुझ्या चामड्याच्या बुटांबद्दल मला हेच सांगायचंय. तू ते घालून सह्याद्री पालथा घातलास, तो सगळा त्यांच्यात बसलाय.

छोटू: पण गोरटेक्स असतं ना आत?

बाळूदादा: गोरटेक्स बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि आतली घामाची वाफ बाहेर सोडतं. ट्रेकला ते सुखाचं, पण आपल्याला इथे वाफ बाहेर पडायलाच नकोय. म्हणून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे, अखंड रबराचे.

नाना: म्हणजे भातलावणीला घालतो तसे गमबूट?

बाळूदादा: तेच नाना, त्याच घराण्यातले. फक्त थंडीसाठी आतून निओप्रीनचं, म्हणजे फोमसारख्या रबराचं, अस्तर असतं आणि तळवा जरा खोल खाचांचा. रबरातून हवा जात नाही, घाम झिरपत नाही, धुतलं की स्वच्छ. कोल्हा, कायोटी (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) यांचे सापळे लावणारे लोकही पूर्वीपासून हेच घालत आलेत. आमच्या राज्यात ला क्रॉस गावात 1897 मध्ये रबराची गिरणी सुरू झाली, तिथूनही हे बूट गावोगाव गेले.

छोटू, घेताना नैसर्गिक रबर आहे का ते विचार. स्वस्तातले पीव्हीसीचे थंडीत कडक होतात आणि त्यांना स्वतःचाच प्लास्टिकचा दर्प असतो. आणि उंची महत्त्वाची आहे. साधारण 16 ते 18 इंच हवी. घोट्यापर्यंतचे घेतलेस तर चालताना गवत, झुडपं तुझ्या पॅन्टला घासणार, आणि हरणाचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं. पॅन्ट बुटाच्या आत खोच, बाहेर सोडू नको.

‘सेंट फ्री’ची चिठ्ठी बघून मात्र पैसे मोजू नकोस. गंधहीन बूट नसतोच. दोनशे डॉलरचा बूट घरात चुकीच्या जागी ठेवलास तर पन्नासच्या बुटापेक्षा वाईट.

माई: आता माझ्याशी बोल. त्या मुक्या जनावराला फसवून मारायचं आणि त्यासाठी एवढी तयारी?

बाळूदादा: बोलतो माई. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथली गोष्ट निराळी आहे. लांडगे माणसाने संपवले होते, 1960 च्या सुमारास या राज्यात एकही उरला नव्हता. आता परत आलेत, पण मुख्यतः उत्तरेकडच्या आणि मधल्या भागातल्या जंगलात. हरणं मात्र दहा लाखांच्या वर आहेत. जंगलातली कोवळी रोपं वाढू देत नाहीत, शेतं खातात, रस्त्यावर गाड्यांना धडकून मरतात तीही थोडीथोडकी नाहीत. म्हणून सरकार परवाने देऊन शिकार करू देतं, आणि मारलेलं जनावर घरात खाल्लं जातं.

आणि वासाची काळजी हरणासाठीही आहे. ज्याला काही कळलेलं नाही ते शांत उभं राहतं, बाण फुप्फुसातून आरपार जातो, आणि थोड्याच वेळात सगळं संपतं. वास लागून बिथरलेलं हरीण बाण सुटताना अंग आकसतं, उडी मारतं. मग बाण पोटात नाहीतर मांडीत बसतो आणि ते जखम घेऊन रात्रभर पळतं. तसं होऊ नये म्हणून जे करता येईल ते सगळं करायचं, हे मी छोटूला बुटांच्याही आधी सांगितलं असतं.

माई: माझं मन तयार होत नाही रे. पण तू विचार करून करतोयस हे दिसतंय. छोटूलाही असंच शिकव.

ताई: मी अमरावतीहून लिहितेय. आम्ही मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसतो, नुसतं बघायला. तिथेही आधी हेच सांगतात, अत्तर नको, भडक कपडे नको. पण दादा, माझा अनुभव असा की पायापेक्षा वारा जास्त दगा देतो. वारा आमच्याकडून पाणवठ्याकडे वाहायला लागला की सांबर झाडोऱ्यातच थांबतं आणि कॉल देतं, म्हणजे धोक्याची हाळी. मग पहाटेपर्यंत पाण्यावर कोणी येत नाही.

बाळूदादा: ताई, शंभर टक्के. छोटू, हे नीट वाच. बूट फक्त जमिनीवरचा माग कमी करतात. अंगाचा, श्वासाचा, केसांचा वास वाऱ्यावर जातो आणि त्याला बूट काही करू शकत नाहीत. आपल्या अंगावरून कातडीचे बारीक कण सतत गळत असतात, तेही वाटेवर पडतातच. म्हणून वारा तोंडावर येईल अशीच बसायची जागा आणि तिथे जायची वाट निवड. उतारावर बसलास तर सकाळी ऊन चढलं की हवा वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते, तेही ध्यानात घे. हरणांची वाट ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांड, तिच्यावरून चालत जाऊ नकोस. ओढा असेल तर त्यातूनच चाल, गमबूट आहेतच.

वारा बघायला विकतची पावडर नको. रस्त्याकडेला मिल्कवीडची बोंडं ऑक्टोबरात पिकतात. आपल्या रुईच्या कुळातलंच झाड, आतून तशीच म्हातारी निघते. दोन-चार बोंडं खिशात ठेव आणि एकेक म्हातारी सोड. लांबपर्यंत दिसते, आणि पुढे जाऊन हवा कुठे वळते तेही कळतं.

छोटू: मस्तच. आणि ठेवायचे कुठे म्हणालास?

बाळूदादा: स्वयंपाकघराच्या आसपास अजिबात नाही. आपल्या घरातली हिंग-मोहरीची फोडणी कोट, पडदे, बूट सगळ्यात बसते. आपल्याला ती जाणवत नाही, पण विस्कॉन्सिनच्या जंगलात हिंगाचा वास दुसरा कुठून येणार? गॅरेजही नको, गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल तिथेच असतं आणि रबर ते शोषून घेतं. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेव.

गाडी चालवताना साधे बूट घाल. पेट्रोल पंपावर गमबूट घालून उतरलास तर सगळी मेहनत वाया. जंगलाच्या कडेला गाडी लावली की मग चढव, हातमोजे घालून, बाहेरून कमीत कमी हात लावून. परत आल्यावर बाहेरून खायच्या सोड्याच्या पाण्याने पूस, आतले तळवे काढ, वर्तमानपत्राचे बोळे घाल, सावलीत वाळव. उन्हात रबर तडकतं.

एक तोटा आहे आणि तो मोठा आहे. रबर घाम बाहेर सोडत नाही, म्हणून पाय आतून ओले होतात आणि स्वस्थ बसलं की गारठतात. सुती मोजे नको, लोकरीचे घाल. सावकाश चाल. बसायच्या जागी पोचलास की कोरडी जोडी चढव, ओली बंद पिशवीत. आणि झाडावरच्या मचाणाला शिडी चढताना चिखलाने रबर घसरतं. पडू नये म्हणून झाडाला अडकवायचा पट्टा असतो, तो जमिनीवर असतानाच बांध, वर जाऊन नाही.

माई: पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही छोटू. मला फोटो पाठव.

छोटू: हो माई. दादा, जाड अस्तराचे घेऊ की पातळ? अस्तर किती जाड ते 800 ग्रॅम, 1200 ग्रॅम असं लिहिलेलं असतं.

बाळूदादा: ऑक्टोबरला बिनअस्तराचे किंवा पातळ निओप्रीनचे. जाड अस्तराने चालतानाच घाम फुटेल. नोव्हेंबरात बसायचं असेल तर 800 वाले माझ्याकडून घेऊन जा, आपलं माप एकच आहे. आणि हरीण मिळालंच तर खाण्याआधी सीडब्ल्यूडीची, म्हणजे हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाची, तपासणी करून घ्यायची. हा रोग इथे 2002 पासून आहे, तुमच्या भागात तर जास्तच. कुठे नमुना द्यायचा ते मी दाखवीन.

छोटू: ठीक. शनिवारी दुकानात जातो.

बाळूदादा: संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. लोकरीचे मोजे बरोबर ने, ते घालूनच माप बघ. टाच वर सरकता कामा नये आणि पोटरीत पॅन्ट खोचायला जागा हवी. घरी आणल्या दिवशीच खोक्यातून बाहेर काढ आणि बाल्कनीत सावलीला टांग. नव्या रबराचा वास जायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ऑक्टोबरची वाट बघू नकोस.