मदत हवी आहे: खाचरातला मिथेन कमी कसा करायचा? (दापोली)

आमची केळशीच्या बाजूला थोडी भातशेती आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माडा-सुपारीची अर्धी वाडी आडवी झाली, तेव्हापासून हवामानबदलाबद्दल मिळेल ते वाचते. परवा आईला सांगत होते, की कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय आणि तापलेल्या जमिनीतून वर जाणारी उष्णता तो अडवून धरतो. तिला पटलं. पुढे तशीच उष्णता अडवणाऱ्या मिथेनच्या बोलण्यात भातशेती आली आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे वाडी पडली ती आपल्याच खाचरापायी?"

यंदा लावणीत मी मुद्दाम बघितलं. चिखलात पाय रोवला की टाचेच्या बाजूने तीन-चार बुडबुडे एकदम येतात, मग थांबून एखादा. लहानपणापासून बघतेय, पण ते कसले हे कधी मनात आलं नाही.

आईला काय सांगू? आणि शेत मध्येच सुकवलं की मिथेन घटतो म्हणतात, पण ते पंपाने पाणी देणाऱ्यांचं झालं. आमच्याकडे वरून पाऊस कोसळत असतो. कोकणात कुणी करून बघितलंय का?

प्रतिसाद

ताई, आईंना सांगा, एका वादळाचा दोष कुणाच्या खाचरावर टाकता येत नाही. तापमानवाढीत सर्वांत मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचा, तोही मुख्यतः कोळसा नि तेल जाळून आलेला, आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं हवेत राहतो. मिथेन साधारण १२ वर्षांत विरतो, पण वीस वर्षांच्या हिशोबात किलोमागे ८० पट तापवतो. म्हणूनच तो कमी केल्याचा गुण लवकर येतो.

पाण्याखालच्या मातीत हवा जात नाही, तिथे काडीकचरा कुजताना जीवाणू मिथेन करतात. बुडबुड्यांतून थोडाच निघतो, बहुतेक रोपाच्या काडीतूनच वर येतो. तेव्हा आधी त्या जीवाणूंचं खाद्य कमी करा: चिखलणीला ताजा पेंढा, ओलं शेण गाडू नका, पुरतं कुजलेलं खत घाला. हे कितीही पावसात जमतं.

माझी जमीन गुहागरकडे, उताराची. फुटवे येऊन झाले की, पोटरीच्या (लोंबी पोटात धरण्याच्या) आधी, उघडीप मिळाली तर बांधाची तोंडं फोडतो. चार-पाच दिवस, बारीक भेगा दिसेपर्यंत. उघडीप नाही मिळाली तर त्या साली राहिलं. निसवताना (लोंबी बाहेर पडताना) मात्र पाणी तोडू नका, दाणा पोचट होतो. सुकवतेवेळी युरिया फेकू नका, नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि तो मिथेनहूनही जबर. मी लावणीनंतर लगेच चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या) मध्ये युरिया-डीएपी खताची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, खोल खोचतो.

धागाकर्ती

दादा, आभार. आईला वाचून दाखवलं. पेंढा आमचा गुरांनाच जातो, पण शेण ओलंच पडतं हे तिने स्वतःहून कबूल केलं. पुढच्या चिखलणीपर्यंत खड्ड्यात कुजवू म्हणाली.

अडचण एकच. वरचं खाचर काकांचं, त्यांचं भात हळवं (लवकर पिकणारं), आमचं गरवं (उशिरा पिकणारं). आम्ही सुकवू तेव्हा त्यांचं निसवत असणार आणि जास्तीचं पाणी आमच्यातूनच उतरणार. मेरेच्या कडेने चर काढून ते वळवता येईल का? किती खोल लागेल?