स्लरीनंतरचा पहिला पाऊस स्वॅट प्रतिमानात का उमटत नाही?

प्रश्न – मॉमीकाठ
नमस्कार. अमेरिकेत ईरी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातील एका लहान पाणलोटासाठी मी स्वॅट (पाणलोटातील पाणी, माती आणि खते यांचा हिशेब करणारे संगणकीय प्रतिमान) चालवत आहे. विषारी शेवाळामुळे २०१४ च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहराला नळाचे पाणी पिणे थांबवावे लागले, ते याच खोऱ्यातून येणाऱ्या स्फुरदाशी जोडलेले प्रकरण. माझ्याकडे स्फुरदाची वार्षिक बेरीज मोजमापाशी बरी जुळते. मात्र दुग्धशाळेची स्लरी (पातळ शेणखत) शेतावर पसरल्यानंतरच्या पहिल्या पावसात शेताच्या कडेला विद्राव्य स्फुरद लिटरला कित्येक मिलिग्रॅम मोजले जाते, आणि प्रतिमान एक मिलिग्रॅमही दाखवत नाही. माती आणि पाणी यांत स्फुरदाची वाटणी ठरवणारा फॉस्केडी गुणांक १७५ वरून खाली आणल्यास तो आकडा वाढतो, पण वर्षाची बेरीज फुगते. पावसाच्या तोंडावर स्लरी टाकण्यास मनाई केल्याने किती फरक पडतो, हे मला शेवटी तपासायचे आहे. यातून वाट कशी काढावी?

उत्तर – बांधबंदिस्ती
फॉस्केडीला हात लावू नका. तो मातीचा गुणांक आहे; तो बदलला की स्लरीशी काहीही संबंध नसलेले वर्षभरातले सगळे पाऊस बदलतात. दोष प्रतिमानाच्या रचनेत आहे. मूळ स्वॅट टाकलेले खत त्याच दिवशी मातीत मिसळले असे धरते आणि पृष्ठभागावरून वाहून जाणाऱ्या पाण्याला, म्हणजे अपधावाला, वरच्या १० मिमी थरातूनच स्फुरद देते. प्रत्यक्षात स्लरी जमिनीवर पसरलेली असते आणि पाऊस थेट तिच्यावर पडतो.

हिशेब हातानेच करून पाहा. द्रवाबरोबर लगेच मुरलेला भाग वजा जाता हेक्टरी १० किलो विद्राव्य स्फुरद उरले, पाऊस २५ मिमी आणि अपधाव ५ मिमी झाला, असे धरू. मातीची घनता १.३ घेतल्यास स्वॅटच्या सूत्राने १० × ५ ÷ (१.३ × १० × १७५), म्हणजे जेमतेम ०.०२२ किलो वाहून जाते. ५ मिमी अपधाव म्हणजे हेक्टरी ५०,००० लिटर पाणी, म्हणून लिटरला ०.४४ मिलिग्रॅम. पीटर व्हॅडास आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या सरफॉस या प्रतिमानात खताचा पृष्ठभागावरचा साठा वेगळा ठेवलेला आहे. त्या पावसाने साठ्यातले ४ किलो सुटले असे गृहीत धरले, तर अपधाव आणि पाऊस यांचे गुणोत्तर ०.२, त्याचा ०.२२५ वा घात सुमारे ०.७, आणि वहन ४ × ०.२ × ०.७ = ०.५६ किलो, म्हणजे लिटरला ११ मिलिग्रॅम! दुसऱ्या पावसाला साठा घटलेला असतो, त्यामुळे सांद्रता पावसागणिक उतरत जाते. तुमच्या मोजमापातही तसेच दिसत असणार. ही पद्धत स्वॅटमध्ये बसवण्याचे कामही झालेले आहे, तेव्हा सगळे स्वतः लिहिण्याची गरज नाही.

उत्तर – निचरा
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्या खोऱ्यातील सपाट, चिकण जमिनींत निचऱ्याच्या नळ्या पुरलेल्या असतात हे विसरून चालणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात, आणि पाणी मातीच्या कणांशी फारसा संपर्क न येता त्यांतून थेट नळीत उतरते. निव्वळ पृष्ठभागाचा साठा जोडून थांबलात, तर शेताच्या कडेचा आकडा जुळेल आणि नाल्यातला चुकेल. आणखी एक बाब म्हणजे मातीपरीक्षणाचा नमुना सहसा २० सेंमी खोलीपर्यंतचा असतो. नांगरट न करणाऱ्या शेतात स्फुरद वरच्या काही सेंटिमीटरमध्ये साचते, म्हणून तो सरासरी आकडा वरच्या थराला दिल्यास मातीचा वाटा कमी येतो. मग कॅलिब्रेशन करणारा, म्हणजे प्रतिमानाचे आकडे मोजमापाशी जुळवणारा, ती तूट भलत्याच गुणांकातून भरून काढतो.

प्रश्नकर्ता – मॉमीकाठ
दोघांचेही आभार. मग वार्षिक बेरीज आधी कशी जुळली?

उत्तर – बांधबंदिस्ती
बहुधा मातीत वर्षानुवर्षे साचलेल्या स्फुरदाच्या जोरावर. तो वाटा मोठा आणि संथ असल्याने स्लरीनंतरच्या दोन-चार पावसांतली चूक त्यात झाकली जाते. तुमच्या मूळ हेतूला मात्र हेच घातक आहे. ओहायोच्या २०१५ च्या कायद्यानुसार ईरीच्या पश्चिम खोऱ्यात २४ तासांत अर्ध्या इंचाहून, म्हणजे सुमारे १३ मिमीहून, अधिक पाऊस पडण्याची शक्यता ५० टक्क्यांपेक्षा जास्त वर्तवलेली असेल, तर स्लरी पसरता येत नाही. ती जमिनीत टोचून घातली किंवा २४ तासांत मातीत मिसळली, तर सूट आहे. मूळ स्वॅटमध्ये पसरण्याची तारीख चार दिवस मागेपुढे केली, तरी उत्तर फारसे हलणार नाही, आणि कायदा निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष तुम्ही प्रतिमानाच्या भरवशावर छापून मोकळे व्हाल. टोचलेल्या स्लरीची शेते वेगळी काढून त्यांचा पृष्ठभागावरचा साठा जवळजवळ शून्य ठेवा. शिवाय हा नियम अंदाजावर चालतो, पडलेल्या पावसावर नाही. तारखा प्रत्यक्ष पावसाच्या नोंदीवरून हलवल्यास शेतकऱ्याला अचूक भविष्य कळते असे गृहीत धरल्यासारखे होईल, म्हणून त्या काळातले जुने हवामान अंदाज मिळवून प्रतिमानाची एक धाव त्यांवरही घ्या.