एकट्याने व्यायाम करणाऱ्यासाठी घरात स्मिथ मशीन: निवडताना काय पाहावे?

पहाटवारा

नमस्कार. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. थोरली मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून तिची १० फूट बाय ११ फुटांची खोली रिकामी असून, तिच्या रीतसर परवानगीने तेथे व्यायामाची सोय करण्याचे ठरले आहे. माझे वय ४७. गेली नऊ वर्षे मी व्यायामशाळेत जात आहे, परंतु आता सव्वासहाची लोकल पकडावी लागत असल्यामुळे पहाटे साडेचारला व्यायाम उरकणे भाग आहे आणि त्या वेळी जवळपासची एकही व्यायामशाळा उघडत नाही. बेंच प्रेस (बेंचवर आडवे होऊन बार छातीवरून वर ढकलणे) करताना मागे उभे राहून बार धरायला घरात कोणी नसेल, म्हणून रुळांवरून सरकणारा बार, म्हणजेच स्मिथ मशीन, घ्यावे असे मनात आहे.

अंदाजपत्रक दीड लाखापर्यंतचे आहे. दुकानदार मात्र इतकी रूपे दाखवतात की डोके चक्रावून जाते: सरळ रुळांचे, तिरक्या रुळांचे, आतून प्रतिभार (बार हलका करणारे उलट बाजूचे वजन) लावलेले, दोन्ही बाजूंना पुली असलेले. माझी पत्नीही ते वापरणार आहे आणि ती सध्या १५ किलोच्या आसपास वजन उचलते. माझ्याकडे एकूण ८० किलोच्या जुन्या प्लेट आहेत, त्या २८ मिलिमीटरच्या रॉडसाठीच्या आहेत. इमारत २००९ सालची आहे. स्लॅबला हे वजन पेलेल का, ही सौभाग्यवतींची शंका असून ती मला रास्त वाटते.

जुना_प्रशिक्षक

मी चौदा वर्षे व्यायामशाळांत प्रशिक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. हे यंत्र १९५०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आले. व्यायामतज्ज्ञ जॅक ललेन यांची मूळ कल्पना रूडी स्मिथ यांनी सुधारून घेतली, ते काम करत असलेल्या व्यायामशाळांमध्ये रुजवली आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. त्यानंतर त्यावर पुली चढल्या, हुक चढले, बसायची आसने चढली, पण बार दोन रुळांवरून वरखाली जातो हे मूळ काम तसेच राहिले. म्हणून माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे की, यंत्राला काय काय जोडता येते ते नंतर पाहावे आणि रिकामा बार कसा सरकतो ते आधी पाहावे.

यासाठी दुकानात जाताना प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा लहान डिजिटल काटा खिशात ठेवा. बारचे हुक (खांबावरच्या खुंट्यांत अडकणारे) सुतळीने मागे बांधून घ्या, खालचे स्टॉपर (बारला ठरावीक उंचीच्या खाली जाऊ न देणारे अडसर) लावून ठेवा, काट्याचा पट्टा बारच्या बरोबर मधोमध अडकवा आणि अगदी संथपणे बार वर ओढत आकडा वाचा. मग तितक्याच संथपणे तो खाली सोडत पुन्हा वाचा. समजा वर जाताना १९ किलो आणि खाली येताना १३ किलो दिसले, तर बारचे प्रत्यक्ष वजन त्यांच्या मध्यावर, म्हणजे १६ किलो, आणि घर्षण ३ किलो. घर्षण वर जाताना तुमच्या विरुद्ध असते आणि खाली येताना तुम्हाला मदत करते, म्हणजे ज्या टप्प्यात स्नायूंनी वजन तोलून धरायचे तेथेच यंत्र ते परस्पर तोलते. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

घर्षण कमी-जास्त का असते, याचे उत्तर बारच्या दोन्ही टोकांच्या सरकत्या भागात सापडते. चांगल्या यंत्रात तेथे छर्ऱ्यांचे लिनिअर बेअरिंग असते आणि ते कठीण क्रोम मुलामा दिलेल्या भरीव रॉडवरून धावते. स्वस्त यंत्रात नायलॉनचे बुश (रॉडवरून घसरणारी नळी) किंवा लहान चाके असतात. बुश वाईटच असतो असे नाही, पण तो झिजला की बार एका बाजूने आधी आणि दुसऱ्या बाजूने नंतर उचलला जातो. म्हणून बारचे केवळ उजवे टोक धरून उचलून पाहावे; चांगल्या यंत्रात डावे टोक जवळजवळ त्याच क्षणी उठते, वाईट यंत्रात बार तिरपा होऊन अडकतो.

तुमच्या पत्नी १५ किलो उचलतात, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. प्रतिभार नसलेल्या यंत्रात रिकामा बारच २० किलो किंवा त्याहून अधिक भरू शकतो, म्हणजे एकही प्लेट न लावता त्यांच्यासाठी यंत्र निरुपयोगी. खांबांच्या आत तारेने प्रतिभार लटकवलेला असेल तर सुरुवातीचे वजन बरेच खाली येते. त्या बदल्यात तार आणि वरची पुली यांची देखभाल गळ्यात पडते, पण ती पत्करावी.

सरळ की तिरके, यावर मात्र फार डोकेफोड करू नका. तिरके रूळ बहुधा सात अंशांच्या आसपास कललेले असतात आणि त्या कलामुळे ६० किलोचे वजन अर्ध्या किलोनेही हलके होत नाही. फरक पडतो तो जागेचा: बेंच प्रेसमध्ये बार वर जाताना किंचित डोक्याकडे झुकतो, म्हणून तिरक्या यंत्रात बेंच एकाच दिशेने लावावा लागतो. लहान खोलीत ती दिशा नेमकी कपाटाच्या दारात येते. सरळ रुळांवर बेंच कोणत्याही बाजूने लावता येतो.

तालमीतला

वरचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरी माझे मत वेगळे आहे. जोर-बैठकांवर वाढलेल्या माणसाला रुळांवरचा बार म्हणजे सायकलला कायमची आधाराची चाके लावण्यासारखे वाटते. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोकळ्या बारने केलेल्या स्क्वॉटमध्ये (बार खांद्यांवर घेऊन काढलेल्या बैठकांमध्ये) स्नायूंची विद्युत क्रिया स्मिथ मशीनपेक्षा सरासरी ४३ टक्के अधिक आढळली होती. एकटे असण्याची भीतीच असेल तर चार खांबांचा पॉवर रॅक घ्यावा, त्याला दोन्ही बाजूंना आडव्या सुरक्षा पट्ट्या लावाव्यात आणि २० किलोचा मोकळा बार वापरावा. वजन सुटले तर ते पट्ट्यांवर पडते, छातीवर नाही. पैसेही वाचतात.

जुना_प्रशिक्षक

तो अभ्यास मला माहीत आहे आणि आकडाही बरोबर आहे. मात्र त्यात केवळ सहा जण सहभागी होते, हेही सांगायला हवे. तोल सांभाळण्याचे काम यंत्राने घेतल्यावर काही स्नायूंना कमी श्रम पडणार, हे मान्य आहे. पॉवर रॅक हा उत्तम पर्याय आहे आणि तरुण माणसाला मीही तोच सुचवतो. पण पहाटे साडेचारला, अर्धवट झोपेत, घर शांत असताना सुरक्षा पट्ट्यांवर आदळलेला बार जो आवाज करतो तो खालच्या मजल्यावरच्या आजोबांना थेट खाटेवरून उठवतो. स्मिथ मशीनमध्ये मनगट थोडे वळवले की हुक खुंटीवर बसतो आणि वजन जागच्या जागी थांबते.

तेवढ्यासाठी दोन सवयी लावून घ्या. हुक दोन्ही बाजूंनी बसल्याची खात्री झाल्याशिवाय हात सोडू नका, कारण एकच बाजू बसून दुसरी सुटणे हा या यंत्रावरचा नेहमीचा अपघात आहे. आणि स्टॉपर दर वेळी लावा: रिकाम्या बारखाली बेंचवर आडवे व्हा, छाती भरून श्वास घ्या, बार छातीला टेकवा आणि त्याच्या बोटभर खाली स्टॉपरचे भोक निवडा. स्वस्त यंत्रांत ही भोके इतकी विरळ असतात की एक छातीच्या वर येते आणि पुढचे थेट चार इंच खाली. विकत घेण्यापूर्वी दुकानातच आडवे होऊन पाहा, लाजू नका.

रत्नागिरीकर

मी तीन वर्षांपूर्वी घरबसल्या, छायाचित्रे पाहून, बुश असलेले एक यंत्र मागवले होते. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे लक्षात आले की अर्धा दोष माझाच होता. पहिला पावसाळा सरला तेव्हा रॉडवर तांबूस ठिपके उमटले आणि बार छातीच्या उंचीवर येताच अडखळू लागला. विक्रेत्याने दुरुस्तीसाठी माणूस पाठवतो असे दोन महिने सांगितले आणि नंतर दूरध्वनी उचलणे बंद केले. शेवटी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावले. त्याने यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. खिशातून पाणसळ काढून फरशीवर ठेवली. पाणी दाराकडे वाहून जावे म्हणून गवंड्याने फरशीला दिलेला उतार यंत्राच्या रुंदीत जवळपास ८ मिलिमीटर भरला. एक खांब खाली गेल्यामुळे चौकट पिळली गेली होती आणि दोन्ही रॉड एकमेकांना समांतर राहिले नव्हते.

त्याने सगळे बोल्ट ढिले केले, खालच्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या, बार चार वेळा वरून खालपर्यंत फिरवला, मग बार वर ठेवून वरचे बोल्ट आवळले आणि खाली ठेवून खालचे. अडखळणे थांबले. रॉडवरचे डाग मात्र राहिलेच, कारण स्वस्त मुलामा समुद्राच्या हवेत टिकत नाही. डोंबिवलीतही पावसाळा काही कोरडा नसतो, तेव्हा आठवड्यातून एकदा रॉड सुक्या फडक्याने पुसून फडक्यावरच थोडा सिलिकॉन स्प्रे मारून हात फिरवावा. यंत्राला बेअरिंग असेल तर उत्पादकाने सांगितलेलेच तेल वापरावे. घट्ट ग्रीस मात्र लावू नये. त्यात धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो.

वाळू_सिमेंट

स्लॅबच्या शंकेला उत्तर देतो, व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका वापराचा भार धरून स्लॅबचे संकल्पन करतात. तुमचे यंत्र १८० किलोचे, प्लेट १५० किलोच्या आणि माणूस ७५ किलोचा धरला तर एकूण ४०५ किलो होतात. ते साधारण २.२ मीटर बाय १.५ मीटर जागेवर विसावले तर चौरस मीटरला १२३ किलोच्या आसपास भार येतो. २००९ सालची, गळती नसलेली, सळ्या उघड्या न पडलेली इमारत हे सहज पेलते.

तथापि तीन गोष्टी पाळाव्यात. यंत्र खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळई असलेल्या भिंतीजवळ ठेवावे. पायांखालचा भार एका फरशीवर एकवटू नये म्हणून खाली १८ मिलिमीटर प्लायवूड आणि त्यावर जाड रबरी मॅट अंथरावी. आवाजही त्यानेच कमी होतो. आणि बाहेर झेपावलेल्या बाल्कनीत हे यंत्र कधीही ठेवू नये, मग तेथे कितीही हवा येत असो. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची असते, तेव्हा तुमच्या सोसायटीकडे अहवाल असेल तर तो मागून पाहावा. यंत्र जमिनीत बोल्टने ठोकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो वरच्या मजल्यावर मानू नये, कारण स्लॅबमधून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात. रुंद पायांचे, स्वतःच्या तोलावर उभे राहणारे यंत्रच निवडावे.

जाता जाता एक विचारतो. छताची उंची सगळेच मोजतात, पण पंखा कोणी मोजत नाही. खोलीतला पंखा जमिनीपासून किती उंचीवर आहे?

पहाटवारा

सर्वांचे मनापासून आभार. पंखा ८ फूट १ इंचावर आहे आणि यंत्र ७ फूट २ इंच उंच, म्हणजे वरच्या दांड्याला लोंबकळून पुलअप्स काढताना डोके थेट पात्यांत जाणार होते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो पंखा काढून भिंतीवरचा लावायचे ठरवले आहे.

शनिवारी काटा घेऊन दोन दुकाने फिरलो. पहिल्या दुकानातले यंत्र दिसायला देखणे होते, दोन्ही बाजूंना पुली, काळा चकचकीत रंग. वर जाताना काटा २७ दाखवत होता आणि खाली येताना १७. म्हणजे बार २२ किलोचा आणि घर्षण ५ किलोचे. दुसऱ्या दुकानातले यंत्र साधे, सरळ रुळांचे आणि प्रतिभाराचे होते. तेथे आकडे १३.५ आणि ११.५ आले. पत्नीने रिकामा बार स्वतः आठ वेळा उचलला आणि पाकिटाकडे बोट दाखवले.

एकच अडचण उरली आहे. या यंत्राच्या बारची टोके ५० मिलिमीटरची आहेत, त्यामुळे माझ्या ८० किलोच्या जुन्या प्लेट त्यात जाणार नाहीत. त्यांची भोके मोठी करून घेता येतील का? शिवाय बारची एकूण लांबी २२० सेंटिमीटर आहे, तर १० फुटांच्या भिंतीला तो लावल्यावर प्लेट चढवायला जागा उरेल का?

जुना_प्रशिक्षक

भोके मोठी करू नका. अशा प्लेटच्या मध्यभागी लोखंडी कडे बसवलेले असते. ते कापले की रबर मोकळे होते आणि प्लेट बारवर डगमगू लागते. मोठ्या भोकाची प्लेट जाडी वाढवणारी नळी घालून बारीक रॉडवर बसवता येते, पण याच्या उलट काहीही करता येत नाही. जुन्या प्लेट विकून टाका, डंबेल रॉडसाठी गिऱ्हाईक लगेच मिळते, आणि नव्या घेताना अडीच किलोच्या निदान चार घ्या, म्हणजे वहिनींना एकदम दहा किलोची उडी मारावी लागणार नाही.

जागेचे गणित असे: १० फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर, त्यातून २२० वजा केले की दोन्ही बाजूंना साडेबेचाळीस सेंटिमीटर उरतात. प्लेट चढवायला माणसाला आडवे उभे राहता येईल, पण कोपर भिंतीला घासेल. शक्य असेल तर यंत्र ११ फुटांच्या भिंतीला लावा. दोन्ही बाजूंना पंधरा सेंटिमीटर आणखी मिळतात.

रत्नागिरीकर

आणि त्या ११ फुटांच्या भिंतीजवळ आधी पाणसळ ठेवून पाहा. चकत्या किती जाडीच्या लागतील ते यंत्र येण्यापूर्वीच कळलेले बरे, कारण १८० किलोचे यंत्र एकदा उभे केल्यावर ते उचलून पायाखाली पत्रा सरकवायला पहाटे साडेचारला कोणी येत नाही.