मदत हवी आहे: आईला ‘सेट’ कसा शिकवू?

नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, सगळं आयुष्य नारायण पेठेत. आता परदेशातल्या नातवाशी बोलायचं म्हणून इंग्रजी शिकतेय. वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, एकास एक. ‘सेट’पाशी घोडं अडलंय.

दही सेट झालं, भाचा जर्मनीत सेट झाला, कपबशांचा सेट. शिवाय शेजारची पुणे विद्यापीठाची ‘सेट’ ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा देतेय. (ती आद्याक्षरं आहेत हे पटवण्यात अर्धा तास गेला.) ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती, असं सांगितलं तर म्हणाली, “मग याच्यानेच कशाला सुरुवात केलीस?”

‘सेट’ हे मुळात ‘सिट’चं प्रयोजक रूप, म्हणजे आपलं बसणे-बसवणे. अंगठीत खडा बसवणे, हाड बसवणे, इथवर छान जमलं. कपबशांचा सेट लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला वेगळाच शब्द, तो बाजूला ठेवला. पण सूर्य ‘सेट’ होतो तेव्हा कोण कोणाला बसवतं? आणि ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, तसंच फटाका उडवणेही!

शेवटी आपलं ‘लागणे’ दाखवलं: भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, रडायला लागली. तेवढ्यापुरती हसली, पण वहीतला उजवा रकाना कोराच.

आईवडिलांना कोणी असं शिकवलंय का? सुटे अर्थ द्यावेत की थेट वाक्यंच घोकून घ्यावीत? आणि ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ ही शेपटं कधी जोडायची?