मदत हवी आहे: आंतरवासितेच्या चिंतन नोंदवहीत विश्लेषण कसं आणायचं?

बी.एड.च्या आंतरवासितेत (शाळेतल्या अध्यापन सरावात) सहावीला गणित शिकवतेय. तास ३५ मिनिटांचा, पट ५५, प्रोजेक्टर नाही. पूर्णांकांची बेरीज संख्यारेषेवर जमते. (−५) − (−३) चं उत्तर मात्र बरीच मुलं −८ लिहितात. उणे चिन्हं दिसली की आकडे मिळवायचे आणि पुढे उणे लावायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलंय. विरुद्ध संख्या मिळवायचा नियम सांगून झाला. प्रत्येक लाल टिकली म्हणजे −१ धरली, तर पाच लाल टिकल्यांतून तीन काढून घेतल्या की दोन उरतात हे लगेच कळतं, पण वहीत परत तेच! तासानंतर नोंदवहीत लिहिलेल्या चिंतनावर मार्गदर्शकांचा शेरा: ‘वर्णन फार, विश्लेषण नाही.’ तासाच्या शेवटी पाचच मिनिटं हाताशी असतात, सगळ्या वह्या तपासणं शक्य नाही. मुलं नेमकी कुठे अडतात हे दाखवणारा कोणता एक प्रश्न चिठ्ठीवर सोडवून घ्यावा, आणि त्या उत्तरांवरून पुढच्या टाचणातला (पाठाच्या लेखी नियोजनातला) बदल चिंतनात कसा मांडावा?