मदत हवी आहे: द्राक्षाची झाडं उभी वाळतायत, मुळकूज का?

द्राक्षवाला_निफाड
खालच्या अंगाच्या चार ओळींत झाडं दुपारी माना टाकतात, मग पानं पिवळी पडून कडेनं करपतात. मणी बाजरीएवढे आहेत, घड लोळायला लागलेत. दुकानदारानं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं, आळवणी केली, फरक शून्य. काय सोडू? नाव आणि एकरी डोस तेवढा सांगा, उद्या सकाळी ड्रिपमधून सोडायचंय.

काळी_कसदार
दादा, जात कुठली, कलम ज्यावर बांधलंय तो खुंट कुठला, जमीन कशी, पाणी किती? काहीच लिहिलं नाहीत. आधी एका झाडाचा बोद, म्हणजे बुडाचा मातीचा वरंबा, उकरा. पांढरी मुळी दिसते का? मूळ चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो का?

तासगावकर
ट्रायकोडर्मा. शेणस्लरीत मुरवून सोडा. आमच्याकडं मुळकूज नावाला नाही.

मातीवाला
आत्ताच कार्बेन्डाझिम गेलंय हो तिथं. ट्रायकोडर्मा पण बुरशीच, आता टाकलं तर तेच मरेल. आणि फायटोप्थोरा, म्हणजे ओल्या जमिनीत मुळं कुजवणारी बुरशीसारखी कीड, असेल तर तिला कार्बेन्डाझिम लागूच पडत नाही. मेटॅलॅक्झिल नाहीतर फोसेटिल.

तासगावकर
या बाटल्यांनीच जमिनी मेल्या.

परदेशी_पाटील
इकडं कॅलिफोर्नियात ओकचं रान तोडून लावलेल्या बागांत आर्मिलारिया येते. बुंध्याची साल काढली की खाली पांढरी, पंख्यासारखी पसरलेली बुरशी दिसते. बघा.

मातीवाला
पाटील, निफाडात ओक कुठनं आणू?

गोडीबहार
डाउनीला, म्हणजे केवडा रोगाला, सध्या काय फवारताय सगळे?

द्राक्षवाला_निफाड
थॉमसन, डॉगरिज खुंटावर. काळी जमीन. उकरलं. पांढरी मुळी नाहीच, सगळी तपकिरी, साल सुटून येते, कुबट वास. बुंध्याला बुरशी नाही. पाणी नेहमीचंच. वरच्या उसाचं पाणी त्या चार ओळींत उतरतं, ते दरवर्षीचंच आहे. औषध सांगा ना राव.

काळी_कसदार
अहो, दुखणं तेच आहे! आधी चर काढून उसाचं पाणी तोडा. वाफसा येईपर्यंत त्या ओळींचं ड्रिप बंद. उद्या ड्रिपमधून औषध म्हणजे चिखलात आणखी पाणी. घड कमी करा, मुळी नसताना झाड एवढा माल पोसणार कसा? आजारी झाडाची मुळं मातीसकट पिशवीत भरून कृषी विज्ञान केंद्राला नाहीतर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात द्या, मुळांतले बारीक किडे, सूत्रकृमी, तेही तपासायला सांगा. माल एक्स्पोर्टला जाणार असेल तर अनेक्श्चर ५, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाला चालणाऱ्या औषधांची यादी, बघितल्याशिवाय काहीही सोडू नका.

द्राक्षवाला_निफाड
एक्स्पोर्टलाच आहे. आणि चर काढला तर ऊसवाला भांडायला येईल, चुलतभाऊच आहे.

मातीवाला
चर तुमच्या हद्दीत, त्याला कसला त्रास? पूर्ण वाळलेली झाडं गेली समजा. पाचव्या ओळीची मुळी आजच उकरून बघा, पांढरी असेल तर ती वाचवायची.